नंदाच्या बुटांत माझे पाय

॥ श्री ॥

गढा, जबलपूर
ता. १८ सप्टेंबर १९३८

चि. सौ. नंदा हीस अंजनीचे आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. ते बाबांच्या नावे न येता माझ्या नावे आले, म्हणून पोस्टमनने दारात थांबून खात्री करून घेतली. तुझे लग्न होऊन चार वर्षे झाली, पण शिमल्याचे पाकीट माझ्या नावाने त्याने कधी आणले नव्हते. बाबांना मी एवढेच सांगितले की नंदाला बूट हवे आहेत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग करवून दे की."

तुझे म्हणणे मला कळले ते असे. थंडीत तिकडे पाणी गोठवून बर्फाचे मैदान करतात, बुटांखाली पोलादी पाते लावून लोक त्यावर घसरत जातात, गोल काढतात, आणि गेल्या हिवाळ्यापासून तूही जातेस. विलायती बूट तुला होत नाहीत. चवड्यावर आवळतात, अंगठ्याजवळचे हाड सोलून निघते आणि मोजा रक्ताने चिकटतो. मोठ्या नंबराचे आणून पाहिले तर टाच आत हलते आणि घोटा मुरगळतो. म्हणून सदर बाजारातल्या तुळशीराम बूटवाल्याकडून, ज्याच्याकडे बाबा आपल्या चपला करवून घेत, मी तुझ्यासाठी बूट करवून पाठवावेत.

एवढे पाय सोलून घेण्यासारखे त्या बर्फात काय आहे, हे तू लिहिले नाहीस. मीही विचारत नाही.

कागदावर पाय ठेवून तू पेन्सिलीने काढलेली आकृती मिळाली. दार लावून मी तिच्यावर माझा पाय ठेवून पाहिला. रेघ सगळीकडे जुळली. तेव्हा तुझ्याऐवजी माझ्या पायाचे माप दिले तरी चालेल, तुला इतक्या लांब यायचे कारण नाही. आईचे पाय आपल्या दोघींना सारखेच आले आहेत. पाहायला आलेल्यांनी मात्र ते माझेच पाहिले. असो.

शाळेत सहामाही परीक्षा आहे. वेळ होईल तसे करीन. बाबांची प्रकृती ठीक.

अंजनी

गढा, जबलपूर
ता. ७ ऑक्टोबर १९३८

चि. सौ. नंदा हीस आशीर्वाद.

दसऱ्याच्या सुट्टीत तुळशीरामकडे जाऊन आले. त्याचे केस पांढरे झाले आहेत, पण बोलणे तसेच आहे. मी सगळे समजावून सांगितले, तेव्हा त्याने हातातला बूट खाली ठेवला.

"बर्फावर? बाई, बर्फ खायचा असतो. त्याच्यावर बूट घालून काहून जायचं?"

मी म्हटले, "माझ्या बहिणीला जायचे आहे."

"कोण, छोटी? नंदाबाई?" मग त्याने मापाची पट्टी शोधायला घेतली. तुझी त्याला चांगली आठवण आहे. तू लहानपणी त्याच्या दुकानातल्या घोडेस्वारांच्या उंच बुटांत दोन्ही पाय एकातच घालून उभी राहायचीस म्हणे. मला आठवत नाही.

त्याने कागदाच्या पट्टीने माझा पाय मापला, चवड्यावर, कमानीवर, घोट्यावर. मी भिंतीकडे पाहत होते. मापून झाल्यावर म्हणाला, "असा पाय मी पलटणीत पाहिलेला. एका शिपायाचा."

मी पाय मागे घेतला. त्याला कळले असावे.

"वाईट नाय म्हणून राहिलो, बाई. तो शिपाई डोंगर चढायचा आणि बाकीचे खाली बसलेले असायचे."

त्याने मागवलेला चहा न घेताच मी निघाले. टांग्यात बसल्यावर वाटले, घ्यायला हरकत नव्हती.

दिवाळीआधी बूट देतो म्हणाला आहे.

अंजनी

गढा, जबलपूर
ता. ३० ऑक्टोबर १९३८

चि. सौ. नंदा,

दिवाळी झाली. बाबांनी तुझ्या नावाने एक अनारसा बाजूला काढून ठेवला होता, तो शेवटी त्यांनीच खाल्ला.

बूट आले आणि बिघडले. म्हणजे दिसायला सुरेख, काळेभोर, घोट्याच्या वर वीतभर. पण सगळीकडून रुंद. मी घालून ओसरीवर चालले, तर मी पुढे जायची आणि बूट मागे राहायचा. तुळशीरामकडे परत नेले. तो ऐकेना.

"मोकळे पाहिजे म्हणाल्या ना? मोकळे केले."

"पण टाच वर उचलते आहे."

"घरात चालून काय समजते? ते घसरायचे बूट आहेत. सदरमध्ये चाकांचा हॉल आहे, तिथे घालून पाहा. तिथे पाय हलला तर मी नवीन करून देतो."

मी म्हटले, मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते, चाकांवर फिरत नाही. बूट काखेत मारून बाहेर पडले.

आता पुढचे लिहावे की नाही, हा विचार मी दोन दिवस केला. लिहितेच. बाबांना कळवू नकोस.

तो हॉल रस्त्यातच आहे. आत फरशी लाकडाची. रेल्वेतल्या एका गार्डाच्या विधवा, मिसेस डिसिल्वा, तो चालवतात. मला वाटले, मडमांखेरीज आत कुणी नसेल. पण दोन पारशी मुली होत्या, एक बंगाली डॉक्टरीणबाई होत्या, आणि डॉक्टरीणबाई भिंत धरून चालल्या होत्या. मिसेस डिसिल्वांनी माझ्या हातातले बूट पाहिले आणि म्हणाल्या, "आओ, बेटी. नए हैं?"

चार चाकांच्या लोखंडी पट्ट्या असतात. त्या कुठल्याही बुटाच्या तळव्याला किल्लीने आवळून बसवतात. त्यांनी बसवल्या, मला उभे केले आणि सोडले. मी पडले. मग उठले आणि पुन्हा पडले. नऊवारीचा काष्टा असल्यामुळे लाज राहिली. तू तिकडे गोल साडी नेसून जात असशील तर आधी ते बदल.

पण तुळशीराम म्हणाला त्यात तथ्य होते. एका पायावर भार देऊन वळू गेले की टाच आत सरकायची, घोटा बाहेर पडायचा, आणि मी खाली. चवड्याला त्रास होत नव्हता, टाचेलाच होत होता. घरी येऊन तुझी आकृती पुन्हा पाहिली. एवढी वर्षे मुलींना मी आकार पाहायला शिकवते, आणि माझ्याच पायाचा आकार मी कधी नीट पाहिला नाही. आपला पाय मोठा नाही, नंदा. मागे तो अरुंदच आहे, पुढे पंख्यासारखा उघडतो. लोक रुंद पायाला मोठा बूट देतात आणि तिथेच चूक होते. पायाला पुढे जागा हवी, मागे पकड हवी.

हे मी चित्र काढून तुळशीरामला दाखवले. तो बराच वेळ ते चित्र उलटसुलट करून पाहत राहिला. मग त्याने फळीवरून बायकांच्या लहान बुटाचा लाकडी साचा काढला आणि त्याच्या पुढच्या भागावर चामड्याचे तुकडे ठोकायला लागला. म्हणजे साचा मागे लहानच राहिला, पुढे आपला पाय झाला.

"आणि हे हाड?" मी अंगठ्याजवळ बोट ठेवले.

त्याने चंचीतून सुपारी काढली, अर्धी फोडली, साच्यावर हाडाच्या जागी चिकटवली आणि म्हणाला, "ओलं चामडं याच्यावर ताणतो. सुपारीएवढं घर होऊन जाईल. हाड त्याच्यात बसेल आरामात."

त्या दिवशी मी चहा घेतला.

अंजनी

गढा, जबलपूर
ता. २० नोव्हेंबर १९३८

नंदे,

तुझं पत्र शाळेत मिळालं. वाचायला घेतलं आणि तासाची घंटा झाली. मुलींना फळ्यावरचं कमळ काढायला सांगितलं आणि मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

मला माहीत नव्हतं गं. "नंदाची तब्येत बरी नव्हती," एवढंच बाबांनी वाचून दाखवलं होतं, त्यांनाही तू तेवढंच कळवलं होतंस. मुलगी होती, पूर्ण दिवसांची होती आणि रडली नाही, हे सगळं तू एकटीने सोसलंस. आई आधीच गेलेली, आणि इकडून बहीण बाबांच्या पत्राच्या खाली "अंजनीचे आशीर्वाद" एवढे दोन शब्द लिहून मोकळी होत होती.

आता मला बर्फाचं कळलं. तू भिंतीकडे तोंड करून पडून असायचीस, जेवायचीस पण बोलायची नाहीस. एके सकाळी दिवाकररावांनी तुला शालीत गुंडाळून उन्हात बसायला म्हणून त्या मैदानाकडे नेलं. तिथे एक म्हातारी मडम एका पायावर गोल काढत होती. गोल पुरा झाला की त्याच रेघेवरून पुन्हा. तू बघत बसलीस आणि म्हणालीस, "मला हे करायचंय." दिवाकरराव बाकावर बसून रडले, असं तू लिहितेस. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

तू विचारलं आहेस की तुझ्यावरचा माझा राग गेला का. तर आता मी तुला एक खरं सांगते. चार वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की दिवाकररावांच्या घरच्यांनी पाय पसरट म्हणून मला नाकारलं. त्यांच्या आईने मला ओल्या पायांनी फरशीवर चालवलं, पावलं पाहिली आणि "असं पाऊल घरात टिकत नाही" म्हणाल्या, हे सगळ्यांनी ऐकलं. महिन्याने त्याच घरातून तुझ्यासाठी मागणी आली, तेव्हा तुझी पावलं कुणी पाहिलीच नाहीत. मी म्हणायची, बघा, पायही सारखेच आणि न्याय मात्र वेगळा.

पण ते पायांमुळे झालं नव्हतं. मला पाहायला आले त्या दिवशी तू पोहे घेऊन आलीस आणि तुझा पदर दाराच्या कडीत अडकला. तू तिथेच अडकून हसायला लागलीस. दिवाकररावही हसले. मी समोर बसले होते. माझ्याशी बोलताना ते नीट बोलले होते, पण हसले नव्हते. मला तेव्हाच कळलं होतं. पायांचं कारण मला बरं वाटलं, कारण पाय काही बदलता येत नाहीत, म्हणजे आपलं काही चुकलं नाही असं म्हणता येतं. आणि माझं खरंच काही चुकलं नव्हतं. तुझंही नव्हतं. त्यांचंही नव्हतं, हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते.

बूट पुढच्या आठवड्यात होतील. मी ते आधी चाकांवर चालवून पाहणार आहे. ते लागले, घासले तर ते माझ्या पायाला लागू देत. तुझे पाय आता पुष्कळ सोलले.

ताई

गढा, जबलपूर
ता. ६ डिसेंबर १९३८

प्रिय नंदा,

आज तुझ्या नावाने पार्सल केलं. बूट आत आहेत. पण आधी इकडची हकीकत.

नवे बूट होईपर्यंत मी ते रुंद बूटच घेऊन दर शनिवारी हॉलवर जायला लागले होते. पहिल्या आठवड्यात बूट तपासायला. दुसऱ्या आठवड्यातही बूट तपासायलाच. मग कुणीतरी पाहिलं, आणि आमच्या शाळेचे व्यवस्थापक भय्यासाहेब यांनी मला बोलावणं धाडलं. नोकरी जाते की काय, या विचाराने मी सकाळी जेवलेही नाही.

ते म्हणाले, "अंजनीबाई, आपल्या शाळेची शिक्षिका सदरमध्ये चाकांवर नाचते, असं कानावर आलं."

"नाचत नाही, फिरते," मी म्हटलं.

"पण कशाला?"

"माझ्या बहिणीसाठी बूट करवते आहे. ती आजारातून उठली आहे. तिचे नि माझे पाय सारखे, म्हणून मी घालून पाहते."

त्यांचा चेहरा निवळला. "मग हरकत नाही. बहिणीचं काम झालं की बंद होईल ना?"

मी "हो" म्हटलं आणि उठले. दारापर्यंत गेले. तिथे पाय अडले माझे. परत फिरले.

"भय्यासाहेब, बंद नाही होणार. बूट गेले तरी मी जाणार आहे. मला ते आवडतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. ते उठून खिडकीशी गेले, बाहेर मुली लगोरी खेळत होत्या. पाठमोरेच म्हणाले, "शाळेच्या वेळात जायचं नाही. आणि पडून उजवा हात मोडला तर मी दुसरी ड्रॉइंगची बाई कुठून आणू?"

"पडणं मी केव्हाच सोडलं," मी म्हटलं. खोटं होतं ते. आदल्याच शनिवारी पडले होते.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. तुझ्या लुगड्याला लाकडाच्या फरशीचं मेण लागून येतं." पुढच्या शनिवारी ते माझ्याबरोबर टांग्यात बसले. हॉलमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसून राहिले. तुझे नवे बूट घालून मी एक पूर्ण फेरी घेतली, हात न धरता, आणि वळणावर डावा पाय उचलला. टाच जागची हलली नाही, नंदा. हाड आपल्या घरात बसून होतं. वारा कानांवरून जातो तेव्हा काय वाटतं, ते तुला सांगायला नको. बाबांजवळून जाताना ते म्हणाले, "खांदे सैल सोड." जसं काही जन्मभर हेच शिकवत आलेत.

आता बुटांविषयी नीट वाच. आत एकच पातळ लोकरी मोजा घाल, दोन नको, दुसऱ्या मोज्याची वळी पडते आणि फोड येतो. बोटांवरच्या नाड्या सैल राहू दे. पाय जिथे वाकतो तिथे घट्ट आवळ, त्याच्या वर पुन्हा थोड्या सैल. बर्फावर जाण्याआधी काही दिवस घरात घालून वावर. कुठे दाबलं तर तेवढीच जागा ओल्या फडक्याने नरम कर आणि पायातच सुकू दे. शेगडीजवळ मुळीच ठेवू नकोस, चामडं तडकेल. पातं तिकडेच बसवून घे. मिसेस डिसिल्वा म्हणतात की आपला भार आतल्या बाजूला पडतो, म्हणून पातं केसभर आत घ्यायला सांग, मग घोटा आत कलणार नाही.

चामडं माझ्या पायाने थोडं वाकलेलं आहे. तेवढं चालवून घे.

तुझी
ताई

गढा, जबलपूर
ता. १२ जानेवारी १९३९

प्रिय नंदू,

तुझं पत्र आलं आणि मी ते आधी उभ्याने वाचलं, मग बसून, मग बाबांना मोठ्याने. डावा बूट करंगळीशी थोडा दाबला, तो तू फडक्याने नरम केलास, उत्तम केलंस. रक्त नाही, फोड नाही. आणि त्या म्हातारीच्या शेजारी तू तुझा स्वतःचा गोल काढलास. वाकडा का होईना, सुरुवातीच्या टोकाशी येऊन मिळाला. बाबांनी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ घातला नाही.

मी तडक तुळशीरामकडे गेले.

"पडली का?" त्याने विचारलं.

"पडली, असं ती लिहिते."

"बुटामुळे?"

"नाही. एका कुत्र्यामुळे."

"मग ठीक आहे," म्हणाला आणि हातातलं चामडं पुन्हा कापायला लागला. थोड्या वेळाने आपणच म्हणाला, "साचा मी तोडला नाही, बाई. आणखी एक जोड करून राहिलो. तुमच्यासाठी. नाही म्हणू नका, चामडं कापून झालं." मी नाही म्हणणार नव्हतेच.

बर्फ माघापर्यंत राहतो म्हणून तू बोलावतेस. मी विचार करायला दोन दिवस लावले नाहीत, त्याच दुपारी भय्यासाहेबांकडे रजेचा अर्ज नेला. त्यांनी सही केली आणि विचारलं, "बर्फावर माणूस जास्त जोरात पडतो का?" मी म्हटलं, परत आले की सांगेन.

बाबा येत नाहीत. त्यांना तिकडची थंडी सोसायची नाही. शेजारच्या बेबीताई त्यांचं जेवण पाहतील. संक्रांतीला ते तिलवाऱ्याला नर्मदेवर स्नानाला जातील, आणि दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसेन. दिल्लीला बदलायचं, मग काल्का, मग ती छोटी गाडी. काल्क्याला पोचले की तार करते.

नंदू, मला तुझ्या मुलीबद्दल ऐकायचं आहे. पत्रात तू चार ओळी लिहिल्यास, तेवढ्यावर भागणार नाही. तिचं नाक कुणासारखं होतं, केस होते का, तू तिचं नाव काय ठेवणार होतीस, सगळं. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. मी मुद्दाम तेवढ्यासाठीही येते आहे.

बर्फावर पहिल्या दिवशी मला धरावं लागेल. चाकं वेगळी आणि पातं वेगळं, मिसेस डिसिल्वांनी बजावलं आहे. तू एका बाजूला असशील. दुसरी बाजू रिकामी राहते, तेव्हा दिवाकररावांना विचार, त्यांना कचेरीतून सवड होईल का. आणि स्टेशनवर त्यांनाही घेऊन ये. चार वर्षांत मी त्यांना एक नमस्कारही कळवला नाही. तो आता पत्रातून नको. मी गाडीतून उतरले की समोरच करीन.

तुझी
ताई